आजाराचं नाव किती जणांना कळतं

भोसरी एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी पर्सोनेलला लागले, तेव्हा विम्याचं सगळं काम कागदावर चालायचं. ज्यांचा पगार राज्य विम्याच्या मर्यादेत बसायचा त्यांचं ईएसआयसीकडे जायचं, मर्यादेच्या वरच्यांसाठी कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम होता. ईएसआयसीच्या फॉर्म एकला घरच्या सगळ्यांचा एकत्र काढलेला फोटो जोडावा लागे. मेडिक्लेमच्या क्लेमला हॉस्पिटलचं बिल, डिस्चार्ज समरी, तपासण्यांचे रिपोर्ट, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि रद्द केलेला चेक. हे सगळं टाइम ऑफिसात जमा व्हायचं, तिथून माझ्याकडे, माझ्याकडून साहेबांच्या सहीला, मग झेरॉक्सला, मग जावक रजिस्टरला, आणि शेवटी कुरिअरने टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेच्या, मुंबईच्या ऑफिसला.

त्या जावक रजिस्टरचं पान मला आजही आठवतं. तारीख, कुणाला, काय पाठवलं आणि शेवटी ‘शेरा’. डिस्पॅचवाले मामा मोठे काटेकोर होते. कागद हरवले तर जबाबदारी आपल्यावर नको म्हणून शेऱ्यात सगळं लिहायचे: अमुक यांच्या पत्नीचे ऑपरेशन, तमुक यांच्या वडिलांचे डायलिसिस. रजिस्टर गेटजवळच्या टेबलावर उघडं असायचं. कुरिअरची वाट बघत उभा असलेला कुणीही ते वाचू शकत होता, आणि वाचतही होता. मामांच्या मनात कसलाही वाईट हेतू नव्हता. वाईट होती ती पद्धत.

प्रेस शॉपमधल्या एका कामगाराच्या बायकोचं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं. तो रजा संपवून कामावर यायच्या आधी ती बातमी कॅन्टीनमध्ये पोचली होती, आणि घरी मूलबाळ नसल्यामुळे त्यावर जे बोलणं व्हायचं तेही झालं होतं. क्लेम पास झाला. चेक घ्यायला तो आला, तेव्हा खाली बघून म्हणाला, “मॅडम, पैसे नसते मिळाले तरी चाललं असतं.” त्याची बायको दोन वाड्यांपलीकडच्याच गल्लीत राहणाऱ्या बायकांना तोंड दाखवायला तयार नव्हती.

मी या विषयाच्या मागे लागले ती त्या वाक्यामुळे. नंतर आणखी एक गोष्ट घडली. टीपीएकडून क्वेरीचे कागद परत यायचे तसं एक जाडजूड पाकीट आलं. फोडलं तर आत भलत्याच कंपनीच्या लोकांचे डिस्चार्ज पेपर. मी ते तिथल्या तिथे बंद करून परत पाठवलं, पण एक प्रश्न मनात राहिला. आपल्याकडे त्यांचे कागद येतात, तर आपले कुणाकडे जात असतील? फोन करून विचारलं तर तिकडून उत्तर आलं, “होतं असं कधीकधी, मॅडम.”

मग ईमेल आला आणि सगळ्यांना वाटलं, सुटलो. माझं मत उलट आहे. पाकीट निदान एकच होतं. मेलची एक प्रत आमच्या सेंटमध्ये, एक ब्रोकरच्या माणसाकडे, एक टीपीएकडे, एक विमा कंपनीत, सीसीत असलेल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर आणखी एकेक. ब्रोकरचा तो माणूस नोकरी सोडून गेला तरी फाइल त्याच्या फोनमध्ये असायचीच. आणि फाइल म्हणजे अख्ख्या कंपनीची एक्सेल शीट: नाव, जन्मतारीख, पगार, आधार, पॅन, बँक खातं, नातेवाइकांची नावं. पासवर्ड म्हणजे कंपनीचं नाव आणि पुढे साल, तोही लगेच पुढच्या मेलमध्ये. काही ठिकाणी तर नुसतं ‘प्रोटेक्ट शीट’ करून पाठवायचे. त्याने आतले आकडे बदलता येत नाहीत एवढंच. वाचायला सगळं उघडं असतं.

व्यवस्थापनाला हे पटवताना मला ब्रिटनचं उदाहरण उपयोगी पडलं. तिथल्या महसूल खात्याने ऑक्टोबर २००७ मध्ये बालभत्ता घेणाऱ्या सगळ्या कुटुंबांची माहिती दोन सीडींवर भरून लंडनला सरकारी लेखापरीक्षकांकडे खात्याच्या नेहमीच्या टपालाने पाठवली. नोंद नाही, पोच नाही. अडीच कोटी माणसांची नावं, पत्ते, जन्मतारखा आणि बँक खाती त्यात होती. सीडींना पासवर्ड होता, पण आतली माहिती कूटबद्ध केलेली नव्हती. त्या सीडी पोचल्याच नाहीत. २० नोव्हेंबरला अर्थमंत्री अॅलिस्टेर डार्लिंग यांना संसदेत उभं राहून हे सांगावं लागलं आणि खात्याचे प्रमुख पॉल ग्रे यांनी राजीनामा दिला. मला त्यात सगळ्यात बोचलं ते वेगळंच. लेखापरीक्षकांनी आधीच कळवलं होतं की बँकेचे तपशील आम्हाला नकोत, ते काढून पाठवा. काढायला जास्तीचा खर्च येतो म्हणून खात्याने ते काढले नाहीत. जे कुणी मागितलंच नव्हतं, ते हरवलं.

म्हणून ऑनलाइन यंत्रणा उभी करायचं ठरलं तेव्हा मी आधी शीटचे कॉलम घेऊन बसले. टीपीएला पगार कशाला हवा? विम्याची रक्कम ग्रेडवर ठरते, तर ग्रेडचा कोड पुरे. आधार कशाला? नाव चढवायला तो लागत नव्हता. बँक खातं क्लेमच्या वेळी लागतं आणि ते ज्याचं त्याने द्यावं. एकेक कॉलम खोडत गेले तेव्हा आमचे साहेब म्हणाले, “अहो, इतकी वर्षं पाठवतोय, आता काय झालं?” तेव्हा मी कायदा पुढे केला. २०११ च्या आयटी नियमांत वैद्यकीय नोंदी आणि बँकेचे तपशील संवेदनशील माहितीत धरलेलेच होते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने तर माहितीच्या सुरक्षेची वाजवी काळजी न घेणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड ठेवला. हा आकडा पाहिल्यावर फाइल भराभर पुढे सरकली. शेवटी शीटमध्ये उरलं ते एवढंच: कर्मचारी क्रमांक, नाव, जन्मतारीख, लिंग, नातं, विम्याचा कोड, कधीपासून, आणि ई-कार्डसाठी मोबाइल.

पाठवायची पद्धत अशी ठरली. टीपीएच्या सर्व्हरवर आमच्यासाठी एक बंदिस्त जागा. आमच्या मशीनवरून तिथे एसएफटीपीने फाइल जायची, म्हणजे वाटेत कुणी ओढली तरी हाती काही लागू नये. शिवाय फाइल निघण्याआधीच पीजीपीने कूटबद्ध करायची. ही पद्धत फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये लोकांसाठी मोकळी केली. तिच्यात दोन चाव्या असतात. टीपीए आपली पब्लिक की आम्हाला देतो. तिने फाइल बंद करता येते, उघडता येत नाही. उघडायची चावी त्यांच्याकडेच राहते. देवळातल्या दानपेटीत पैसे कुणीही टाकतो, पण कुलूप विश्वस्तच काढतात, तसं. एकदा फाइल बंद केली की आमच्या आयटीच्या मुलालाही ती वाचता येत नाही, मलाही नाही.

ती पब्लिक की मेलने आली. आमचा आयटीचा मुलगा लगेच ती चढवायला निघाला. मी विचारलं, “ही त्यांचीच कशावरून?” मधल्या कुणी स्वतःची चावी पाठवली, तर आम्ही इमानेइतबारे त्याच्याच हातात सगळं बंद करून देणार. तो हुशार मुलगा, त्याला चटकन कळलं. चावीचं एक फिंगरप्रिंट असतं, चाळीस अक्षर-आकड्यांचं, चार-चारचे दहा गट. ते दुसऱ्या वाटेने पडताळून घ्यायचं. मेलच्या तळाशी फोन नंबर होता, पण मी तो वापरू दिला नाही. करारनाम्यातला नंबर काढून तिथून त्यांच्या तांत्रिक विभागातल्या मुलीला फोन लावला.

ती वाचत होती, मी पेन्सिलने एकेक गटावर खूण करत होते. त्यात आकडे आणि ए ते एफ एवढीच अक्षरं, पण फोनवर बी, सी, डी, ई सगळे सारखेच ऐकू येतात. दुसऱ्या गटातच आम्ही अडकलो. मग तिनेच तोडगा काढला. “मॅडम, बी बोरिवलीचा. डी दादरचा. सी चेंबूरचा.” मी इकडून म्हटलं, “एफ फलटणचा.” अशी अख्खी लोकल आणि निम्मा सातारा जिल्हा पालथा घालून आम्ही शेवटच्या गटापर्यंत पोचलो. सगळे जुळले. ती म्हणाली, “एवढं वाचून घेणारे तुम्ही पहिलेच.” हे ऐकून मला बरं नाही वाटलं. बाकीच्या कंपन्या मेलमधली चावी तशीच चढवत होत्या.

पहिली चाचणी खऱ्या माहितीवर करायची नाही, हाही माझा हट्ट होता. आम्ही काल्पनिक माणसांची एक यादी केली, त्यात मुद्दाम खोड्या घातल्या: एकाला दोन बायका, एका मुलाची जन्मतारीख बापाच्या आधीची. त्या यादीने आमचा मोठा फायदा केला. तारखेत आम्ही दिवस आधी लिहीत होतो आणि त्यांची यंत्रणा महिना आधी वाचत होती, ते तिथेच सापडलं. चार जुलैला जन्मलेली आई त्यांच्याकडे सात एप्रिलची झाली असती आणि हॉस्पिटलच्या काउंटरवर तिचं कॅशलेस अडलं असतं. आता फाइल गेली की सकाळपर्यंत उलटी पोच येते: इतक्या नोंदी स्वीकारल्या, इतक्या परत, आणि परत का. कुरिअरच्या काळात नव्या बाळाचं नाव चढलं की नाही हे बाळ आजारी पडल्यावर कळायचं. उचललेली फाइल ठरलेल्या दिवसांनी सर्व्हरवरून पुसली जाते, आणि ती पुसल्याचीही नोंद येते.

पण आजाराचं नाव लपवायचं तर क्लेमची वाटच माझ्या टेबलावरून काढायला हवी होती. तशी ती काढली. कर्मचारी आपले कागद थेट टीपीएच्या पोर्टलवर चढवतो, मोबाइलवर ओटीपी येतो, पुढची विचारणा थेट त्याच्याकडे. माझ्याकडे फक्त येतं: क्लेम आला, पास झाला, रक्कम. एका सुपरवायझरच्या मुलावर बरीच वर्षं मानसोपचार चालू होते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा आजारालाही शारीरिक आजारासारखंच विम्याचं संरक्षण द्यायला सांगितलं, हे त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी कधी क्लेम टाकला नाही, कारण कागद ऑफिसातून जाणार. वाट बदलल्यावर त्यांनी तो टाकला. मला हे त्यांनीच आपणहून सांगितलं. यंत्रणेने सांगितलं नाही, आणि हेच मला हवं होतं.

नूतनीकरणाच्या वेळी मात्र भांडावं लागलं. प्रीमियम का वाढला हे दाखवायला ब्रोकर वर्षभराच्या क्लेमची यादी पाठवायचा, त्यात नाव, आजार, रक्कम सगळं. ती यादी साहेबांच्या टेबलावर, तिथून अकाउंट्सला. मी म्हटलं, नावं काढा. हृदयविकाराचे एकूण किती, बाळंतपणाचे किती, एवढ्यावर प्रीमियमची बोलणी होतात. आणि उद्या त्या यादीत कुणाच्या नावापुढे एचआयव्ही आला तर? २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने अशी माहिती बाळगणाऱ्या आस्थापनेवर ती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी टाकली आहे. त्या माणसाची बढती अडली तर ती कशामुळे हे कुणी कागदावर लिहिणार नाही. ब्रोकरने कुरकुर केली, पण आता यादी बिननावाची येते.

ऑनलाइन म्हणजे सुरक्षित, असं मात्र मी कुणाला म्हणू देत नाही. पोर्टल सुरू झाल्यावर काही दिवसांनी मी गेटसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले होते. तिथे भिंतीवर व्हॉट्सअॅप नंबर चिकटवलेला: फाइल पाठवा, प्रिंट घ्या, स्कॅन करा, अपलोड करून मिळेल. आमचे जुने कामगार, ज्यांना मोबाइलवर फॉर्म भरता येत नाही, ते डिस्चार्ज पेपर त्या दुकानदाराकडे देत होते. त्याच्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर आमच्या लोकांच्या नावाच्या फाइली रांगेने दिसत होत्या. तो बिचारा दहा-वीस रुपयांत लोकांची मदतच करत होता. दुसऱ्या दिवशी टाइम ऑफिसच्या मागची स्टोअरची खोली मागून घेतली. तिथे एक स्कॅनर, एक कॉम्प्युटर आणि दार लावायची सोय. स्कॅन केलेलं पोर्टलवर गेलं की मशीनवरून आपोआप पुसलं जातं. मदतीला कुणाला बसवायचं हे युनियनला ठरवू दिलं. त्यांनी बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्या एका ऑपरेटर मुलीचं नाव दिलं, आणि बायकांचे क्लेम तेव्हापासून जास्त येऊ लागले.

उरलेत कंत्राटी कामगार. त्यांचं सगळं ठेकेदाराकडे असतं. ईएसआयसीची नोंदणी आता ऑनलाइन होते हे खरं, पण ती करायला ठेकेदाराचा मुकादम प्रत्येकाच्या आधार कार्डाचा आणि घरच्यांचा फोटो आपल्या मोबाइलवर मागवतो आणि तो फोन घेऊन गावभर फिरतो. आधार कार्ड बघायचं असेल तर कामगाराने ते ऑफिसात येऊन दाखवायचं, फोटो कुणी फोनवर ठेवायचा नाही, आणि कामगार सोडून गेला की त्याचे कागद नष्ट केल्याचं लेखी द्यायचं, असं कलम मी ठेकेदारांच्या नव्या करारनाम्यात घातलंय. दोन ठेकेदारांनी सही केली आहे. सगळ्यात मोठ्याने अजून केलेली नाही, आणि त्याचं बिल या महिन्यात माझ्याच टेबलावरून जायचं आहे.