कुरकुरणाऱ्या गाडीतून वसईची फेरी

वाचकहो, गाडीची कुरकुर शोधायला वसई-विरारला चला असे म्हटले, तर तुम्ही हसाल. म्हणाल, कुरकुर ऐकायला इतक्या लांब कशाला? ती आमच्या गाडीत घरबसल्या आहे! खरे आहे. पण या टापूत तीस-पस्तीस किलोमीटरांच्या आत रस्त्यांचे जितके प्रकार भेटतात, तितके दुसरीकडे क्वचितच भेटतील. हमरस्ता आहे, गचक्यांचा शहरी रस्ता आहे, समुद्राची वाळू आहे, वाड्यांमधली अरुंद वळणे आहेत आणि शेवटी खाडीचे पाणीही आहे. प्रत्येक रस्ता गाडीकडून वेगळा आवाज काढून घेतो. तेव्हा एखाद्या रविवारी घरची माणसे घेऊन निघा. मुलुख पाहून होईल आणि गाडीचे दुखणेही हाती लागेल.

निघण्यापूर्वी एक काम घरीच करायचे. गाडी पूर्ण रिकामी करा. सीटखालची पाण्याची बाटली, दाराच्या खणातली नाणी, कप्प्यातल्या चाव्या, मागे राहिलेली विळी, नारळ, काय असेल ते सगळे बाहेर काढा. जॅक आणि पाना कापडात घट्ट गुंडाळा. स्टेपनीचा बोल्ट आवळा. इतके केल्यावर निम्म्या गाड्या गप्प होतात, आणि गॅरेजवाल्याने डॅशबोर्ड उघडण्याची मजुरी वाचते. डॅशबोर्ड एकदा उघडला की त्याच्या प्लॅस्टिकच्या खुंट्या ढिल्या होण्याची भीती असते, आणि मग एका आवाजाचे दोन होतात. म्हणून ते काम शेवटचे.

बरोबर एक वही, जुन्या चादरीच्या चिंध्या, बनातीची किंवा फोमची पट्टी, टॅल्कम पावडरचा डबा, सिलिकॉन ग्रीसची लहान नळी आणि हातभर रबरी पाइप घ्या. पाइप कशाला ते पुढे सांगतो. मागच्या सीटवर घरातल्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला बसवा. बारीक, उंच पट्टीचे आवाज तरुण कानाला नीट ऐकू येतात, वय वाढले की ते निसटतात. शिवाय चालवणाऱ्याने आवाज शोधायचाच नाही, त्याने रस्ता पाहायचा.

मुंबई-अहमदाबाद महामार्गाने आलात की विरार फाट्यापर्यंत गाडी एका वेगाने चालवा. २०२४ मध्ये या महामार्गावर काँक्रीटचा थर टाकण्याचे काम चालू होते. सपाट रस्त्यावर सैल वस्तूंची खडखड थांबते आणि वेगळेच आवाज उरतात. वाऱ्याची शीळ येत असेल, तर दाराची रबरी पट्टी पाहा. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि कागद ओढा. तो सहज निघून आला, तर रबर तिथे दाबून बसत नाही. पण वेगाबरोबर वाढणारी आणि वळणावर बदलणारी घुंऽऽ अशी घरघर असेल, तर ती चाकाच्या बेअरिंगची असू शकते. तिला पट्टी किंवा पावडर नाही, तिला मिस्त्रीच पाहिजे.

फाट्यावरून विरार गावात शिरलात की गर्दी, रिक्षा आणि गतिरोधक. १८६७ साली विरारहून मुंबईकडे पहिली लोकल सुटली. त्या काळी इथे शेते आणि मिठागरे होती, आज इमारतींचे रान आहे. इथे आवाजांची दोन पोती वेगळी करा. 'खडखड' म्हणजे काहीतरी सुटे आहे आणि आदळते आहे. 'करकर' म्हणजे दोन कोरड्या वस्तू घासताहेत. त्या एकमेकींना चिकटतात, ताण आला की सुटतात, पुन्हा चिकटतात, आणि हे सेकंदाला शेकडो वेळा झाले की त्याचा सूर होतो. सारंगीचा गज तारेवर हेच करतो. खडखडीला आवळणे किंवा मध्ये मऊ काही घालणे हा उपाय, करकरीला वंगण.

वंगण मात्र बघून. गतिरोधकावर गाडी तिरकी चढली की सांगाडा किंचित पिळतो आणि दाराचे कोरडे रबर करकरते. ओल्या फडक्याने रबर पुसा, वाळल्यावर टॅल्कम पावडर चोळा. आवाज दिवसभर बंद राहिला, तर दोषी सापडला. मग सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. घरातले खोबरेल किंवा इंजिनचे तेल रबराला लावू नका. इंजिनच्या तेलाने रबर फुगते, खोबरेलावर धूळ बसून चिकट राप होतो. साधे ग्रीस बिजागरीला आणि दाराच्या कुलपाला चालते.

आगाशीवरून अर्नाळ्याला या. समोर बेटावर किल्ला दिसतो, तो मराठ्यांनी १७३७ मध्ये घेतला. मुले वाळूत खेळतील, खेळू द्या, पण गाडी वाळूवर उतरवू नका. किनाऱ्यावरच्या माणसांच्या गाड्यांचे खरे दुखणे इथेच कळते. पायाला लागून आलेली वाळू सीटच्या सरकपट्टीत जाऊन बसते आणि सीट दर गचक्याला करकरते. ओळखायची खूण सोपी आहे. रिकामी सीट बोलते आणि माणूस बसला की गप्प होते, किंवा त्याच्या उलट. सीट पुढेमागे सरकवून पट्टीतली वाळू ब्रशने काढा आणि मगच ग्रीस लावा. वाळूवरच ग्रीस घातले, तर तो सहाणेवरचा गंध होतो. खाऱ्या हवेने बिजागऱ्या आणि खालचे बोल्ट गंजतात, म्हणून घरी गेल्यावर गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुवा.

अर्नाळ्याहून नंदाखाल, निर्मळ, भुईगाव, गिरीज असे दक्षिणेला निघालात की खरी वसई लागते. केळीच्या बागा, मोगरा, चाफा, पानवेली, आणि मधून मधून एखादे बावखल. याच गावांतली राजेळी केळी वाळवून सुकेळी करतात, मिळाली तर जरूर घ्या. पूर्वी इथल्या विहिरींवर रहाट फिरत. रहाटाची करकर दूरवर ऐकू येई आणि मालकाला ती हवीच असे, कारण ती थांबली म्हणजे बैल थांबला. मोटारीतली कुरकुरही अशीच काहीतरी सांगत असते. कोणती नुसती वटवट आणि कोणती हाक, एवढे ओळखायचे.

या वळणांच्या रस्त्यावर मी एक गोष्ट पाहिली ती सांगतो. एका भाजीवाल्याच्या टेंपोत खडखड येत होती. मागे रिकामी क्रेट होती, त्यामुळे ती क्रेटची असेल असे सगळ्यांनी धरले. पण बरोबरचा पोरगा म्हणाला, क्रेट खड्ड्यात वाजते, हे तर सपाटीवरही वाजते, आणि गाडी जोरात धावली की भरभर वाजते. भुईगावपाशी गाडी थांबवून पाहिले, तर पुढच्या डाव्या चाकाचे दोन नट हाताने फिरत होते. दोन दिवसांपूर्वी चाक बदलले होते. पहाटेच्या अंधारात हाच टेंपो माल भरून महामार्गाने जाणार होता.

म्हणून वहीत लिहा: आवाज केव्हा येतो? गाडी उभी असताना इंजिन वाढवले तर, फक्त खड्ड्यात, पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर, की ब्रेक दाबल्यावर? वळताना टकटक, ब्रेकला किंकाळी, खड्ड्यात खालून ठक्क आणि चाकाच्या फेऱ्याबरोबर वाढणारा कोणताही ठोका, हे आवाज गाडीच्या आतले नव्हेत. कितीही चिंध्या कोंबल्या तरी ते थांबणार नाहीत, आणि थांबले असे वाटले तर ते जास्त वाईट. आवाज ऐकण्यासाठी चालत्या गाडीचे इंजिन बंद करण्याची युक्ती कोणी सांगेल. करू नका. ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात.

आतला आवाज कोठून येतो याबद्दल कानावर फार भरवसा ठेवू नका. माणसाच्या कानाला डावे-उजवे चांगले कळते, वर-खाली आणि पुढे-मागे तितकेसे कळत नाही. त्यात काच आणि छत आवाज परतवतात, त्यामुळे मागच्या बेल्टचे बक्कल पुढच्या कप्प्यात वाजल्यासारखे वाटते. मागच्या मुलीने तळहाताने एकेक भाग दाबत जावे. ज्यावर हात पडताच आवाज थांबेल, तो भाग. तरीही पत्ता लागला नाही, तर रबरी पाइपचे एक टोक कानाशी आणि दुसरे फटीजवळ, डॉक्टरांच्या नळीसारखे. एका वेळी एकच दुरुस्ती करा, नाहीतर कशाने गुण आला ते कळणार नाही.

वसईच्या किल्ल्याशी पोचेपर्यंत ऊन चढलेले असेल. सकाळी बोलणारे प्लॅस्टिक आता गप्प झालेले असेल किंवा नवेच बोलू लागेल. उन्हाने ते फुगते आणि फटी बदलतात, त्यामुळे सकाळ-दुपार दोन्ही नोंदी ठेवा. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये हा किल्ला घेतला, तेव्हा इथल्या चर्चमधल्या घंटा मराठे घेऊन गेले. एक भीमाशंकरला आहे, एक वाईजवळच्या मेणवलीला. तडा गेलेली घंटा एका टोल्यात कळते, मडके घेतानाही आपण बोटाने वाजवून घेतो. तसेच गाडी सावलीत लावून आतल्या भागांवर बोटाचे पेर वाजवत जा. घट्ट भाग भरीव बोलतो, सुटलेला फटफट करतो. फटीत बनातीची पट्टी सरकवा. मात्र जिथे एअरबॅग असे लिहिले आहे ते भाग, म्हणजे स्टिअरिंग, डॅशबोर्डचा तो तुकडा, दारांमधले खांब, उचकटू नका आणि त्यांवर पट्टीही चिकटवू नका. बेल्टचे बोल्टही सैल करायचे नाहीत. विजेवरच्या नव्या गाड्यांत इंजिनाचा आवाजच नसल्याने असल्या बारीक कुरबुरी जास्त ऐकू येतात, त्यामुळे त्या गाड्या घेतलेल्यांनी घाबरून जाऊ नये.

वेळ उरला तर नालासोपाऱ्याचा स्तूप पाहा, पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो १८८२ मध्ये उकरला. नाहीतर किल्ल्याजवळच्या जेट्टीवर या. वसई-भाईंदर रो-रो बोट २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाली, गाडी तिच्यावर चढवता येते. निघण्याआधी वेळापत्रक विचारून घ्या. बोटीवर तुमच्या गाडीचे इंजिन बंद असते, पण बोटीच्या इंजिनाची थरथर चाकांतून वर येते. रस्त्याचा आवाज नाही, वारा नाही, अशा वेळी उरलेसुरले सुटे भाग आपोआप बोलू लागतात. आरशाचा खिळखिळा सांधा, उन्हाच्या झडपेची खुंटी, छतातल्या दिव्याची काच. हात वर करून एकेक दाबा आणि वहीत लिहून ठेवा. भाईंदरला उतरताना हातब्रेक काढला आहे ना, तेवढे पाहा.