गच्चीवरची तंबाखू

बियांच्या पाकिटावर छापलेलं असतं, फेब्रुवारी ते एप्रिल पेरा, जून ते ऑक्टोबर फुलं बघा. हे विलायतेचं वेळापत्रक. नागपुरात एप्रिलमध्ये पेरलेलं रोप मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या तोंडी जाणार, आणि त्यातून वाचलंच तर जुलैच्या पावसात कुजणार. आमच्याकडे या झाडाचा हंगाम हिवाळ्याचा. दसऱ्याला दीक्षाभूमीवरची गर्दी ओसरली, पाऊस गेला याची खात्री पटली, की मी बी काढते. होळीपर्यंत गच्ची फुललेली असते आणि एप्रिलच्या उन्हात सगळं आटोपतं.

झाडाचं नाव निकोशियाना. खाण्या-ओढण्याची तंबाखू ज्या प्रजातीतली, तिच्यातलीच ही फुलांसाठी लावायची भावंडं. माझ्याकडे दोन आहेत. अलाटा ही दोन-तीन फुटांची, मूळची दक्षिण ब्राझील आणि उत्तर अर्जेंटिनाकडची. तिची फुलं पांढरी, लांब नळीची, पाच टोकांची. दिवसभर मलूल पडून असतात आणि दिवेलागणीला उघडतात. दुसरी सिल्व्हेस्ट्रिस, चार-पाच फूट उंच, शेंड्याला लांबलचक नळ्यांचा घोस खाली लोंबणारी. पानठेल्यावरची तंबाखू दोन रानटी जातींच्या नैसर्गिक संकरातून झाली आणि त्यातली आई म्हणजे ही सिल्व्हेस्ट्रिस, असं वनस्पतिशास्त्र सांगतं. आईला वास आहे, लेकीची पानं विकली जातात.

एवढा खटाटोप कशाला, असं विचारणारे भेटतात. कारण साधं आहे. नागपूरच्या थंडीतल्या रात्रींना वास नसतो. मोगरा मार्चशिवाय जागा होत नाही, पारिजातक दिवाळीनंतर आवरतं घेतो, आणि रातराणीचा खरा जोर उकाड्यात आणि पावसात. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो तेव्हा गच्चीवर शेवंती असते, झेंडू असतो, पेटुनिया असतो. रंग भरपूर, वासाच्या नावानं आनंद. ती जागा निकोशियाना भरते. वास जाईच्या अंगानं जाणारा, मागे किंचित लवंग. हवा पडलेली असली की जिन्यातून खाली स्वयंपाकघरापर्यंत उतरतो. ऐन कडाक्याच्या आठवड्यात फुलं कमी होतात, संक्रांत सरली की पुन्हा जोर धरतात.

महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, पुढे सुगंधित तंबाखूही त्या यादीत गेली. ‘सुगंधित तंबाखू जप्त’ अशी बातमी आमच्याकडच्या पेपरात वरचेवर असते आणि ती आली की घरातली मंडळी आधी माझ्याकडे बघतात.

बी म्हणजे निव्वळ धूळ. चिमटीत धरलं तर शेकडो दाणे, आणि श्वास जोरात सोडला तर शेजारच्या गच्चीत. मी चाळलेल्या कन्हानच्या रेतीत बी मिसळते आणि पसरट ट्रेमध्ये भुरभुरते. वर माती टाकायची नाही, कारण या बियांना उगवायला उजेड लागतो. झारीनं पाणी घातलं तर सगळं बी एका कोपऱ्यात वाहून जातं, म्हणून ट्रे पाण्याच्या परातीत ठेवायचा, पाणी खालून चढतं. वर काच. दोनेक आठवड्यांत हिरवी बुरशी आल्यासारखं दिसतं. नीट वाकून पाहिलं की ती रोपं असतात. काच आता काढायची. दमट कोंडलेल्या हवेत रोपांच्या माना मोडतात आणि एका रात्रीत अर्धा ट्रे आडवा होतो. चार पानांवर आलं की काडीनं उचलून छोट्या कुंडीत, मग बारा इंची कुंडीत.

मातीबद्दल एक सांगायला हवं. आमची काळी माती शेतात सोनं, पण कुंडीत नुसती तीच भरली तर पाण्यानं फुगते, वाळली की भेगाळते आणि कोवळ्या मुळ्या तोडते. मी एक भाग काळी माती, एक भाग कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळ्याचं खत, एक भाग रेती घेते. झाड खादाड आहे. पंधरवड्याला शेणखताचं पाणी लागतं. नोव्हेंबर ते जानेवारी पूर्ण ऊन चालतं, फेब्रुवारीपासून दुपारची सावली द्यावी लागते. सिल्व्हेस्ट्रिसला काठी हवीच. फुलून गेलेला दांडा बुडापासून कापला की अलाटा खालून नवा दांडा काढते.

इथे मला नेहमी निपाणीची आठवण येते. शरद जोशींच्या नेतृत्वाखालच्या १९८१ च्या तंबाखू आंदोलनामुळे ते नाव सगळ्यांच्या ओळखीचं आहे. तंबाखूचा शेतकरी फुलोरा दिसला की शेंडा खुडतो, बगलेतले फुटवेही काढतो, कारण झाडाची सगळी ताकद पानांत उतरायला हवी. मी नेमकं उलट करते. माझ्याकडे पान मोठं होऊ लागलं की मला वाटतं, खत जास्त झालं.

महिन्यातून दोनदा कुंड्या हलवायला, खत मिसळायला माळीभाऊ येतात. पहिल्या वर्षी रोपं ओळखून म्हणाले, “ताई, तमाकू कायले लावून राहिल्या? ठेल्यावर भेटते ना.” मी म्हटलं, फुलांसाठी. त्यांना ते पटलं नाही, अजूनही फारसं पटलेलं नाही. त्यांच्या खिशात खर्र्याची पन्नी कायम. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला हा प्रकार विदर्भाबाहेरच्यांना समजावून सांगावा लागतो, इथे तो चहासारखा चालतो. पन्नीतून चिमूट काढायची, गालात दाबायची आणि त्याच बोटांनी पुढचं काम.

एका हिवाळ्यात अलाटाच्या पानांवर फिकट आणि गडद हिरवे ठिपके दिसू लागले, पानं सुरकुतली, काही ठिकाणी फोड आल्यासारखी उचलली गेली. शेजारच्या टोमॅटोतही तेच. हा तंबाखूचा मोझॅक रोग. विषाणू नावाची वस्तू माणसाला पहिल्यांदा सापडली ती याच रोगामुळे. १८९२ मध्ये रशियात दिमित्री इव्हानोव्स्की यांनी रोगट पानांचा रस जिवाणूसुद्धा अडवणाऱ्या गाळणीतून गाळला, तरी त्या रसानं निरोगी झाडाला रोग लागलाच. १८९८ मध्ये नेदरलँडमध्ये मार्टिनस बायरिंक यांनी सांगितलं की हे जिवाणूंपेक्षा वेगळंच काहीतरी आहे, आणि त्याला व्हायरस म्हटलं. या विषाणूचा चिवटपणा असा की पान खुडलं, सुकवलं, कुटलं तरी तो टिकतो. म्हणजे विडीत, सिगारेटमध्ये, खर्र्यात तो जिवंत असू शकतो आणि बोटांवरून रोपावर जातो. कोवळ्या पानावरची लव मोडली तरी आत शिरायला तेवढी वाट पुरते.

माझ्या गच्चीत तो खर्र्याच्याच बोटांनी आला की टोमॅटोच्या विकतच्या रोपाबरोबर, हे सांगता येणार नाही. उपाय मात्र दोन्हीसाठी एकच. औषध नाही, रोगट झाड उपटायचं, खताच्या खड्ड्यात न टाकता बंद पिशवीत भरून कचऱ्यात द्यायचं, कात्री-खुरपी साबणाच्या पाण्यानं धुवायची. आणि रोपांना हात लावण्याआधी हात साबणानं धुऊन मलई काढलेल्या दुधात बुडवायचे. दुधातली प्रथिनं विषाणूला धरून ठेवतात. टोमॅटो-मिरचीची रोपं करणारे हा उपाय बरीच वर्षं वापरतात.

हे मी माळीभाऊंना समजावलं. ते बराच वेळ हसत होते. “म्हंजे खर्र्यानं तमाकूलेच रोग होते? मंग आमाले काऊन नाही होत?” मी म्हटलं, भाऊ, हा रोग माणसाला होत नाही, माणसाला जो होतो तो पाहायचा असेल तर मानेवाडा रोडवर राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे, तिथल्या रांगेत उभे राहून बघा. ते गप्प झाले. मग दुधाची वाटी पुढे केल्यावर म्हणाले, “दूध झाडाले, अन् आमाले काळा चा?” तेव्हापासून आमच्याकडे ते आले की दुधाचा चहा आधी, वाटी नंतर. खर्रा सुटलेला नाही. पण आता वर चढण्याआधी नळावर थांबतात, एवढं खरं.

दुसरी शत्रू अळी. सोयाबीन लावणाऱ्या आमच्या नातेवाइकांना तिचं नाव तोंडपाठ आहे, तंबाखूवरची पानं खाणारी अळी. मादी पानाच्या खाली पुंजक्यानं अंडी घालते आणि त्यावर आपल्या अंगाचे तपकिरी केस चिकटवते. अळ्या लहान असताना एकत्र खातात आणि पानाची जाळी करतात. मोठ्या झाल्या की दिवसा कुंडीच्या मातीत दडतात. गंमत अशी की तंबाखूचा अर्क शेतकरी कीटकनाशक म्हणून फवारत आले, आणि ही बया तंबाखूवरच पोसते. जाळी पडलेलं पान दिसलं की पुंजका असतानाच तोडणं सगळ्यात सोपं. नंतर टॉर्च घेऊन रात्री वेचाव्या लागतात.

रात्री वर गेल्याचा फायदाही आहे. फेब्रुवारीच्या शेवटी एक भला मोठा राखाडी पतंग येतो, पोटावर गुलाबी आणि काळे पट्टे. फुलावर बसत नाही. हवेतच थरथरत थांबतो आणि बोटाहून लांब सोंड नळीत घालतो. मधमाशीची जीभ त्या तळापर्यंत पोचणंच शक्य नाही. याच्या अळ्या रताळ्याच्या वेलावर वाढतात. म्हणून कोपऱ्यातला रताळ्याचा वेल मी अर्धा खाल्लेला राहू देते, माळीभाऊंचा त्यालाही विरोध आहे. दिवसा येणारा शिंजीर वेगळा, तो नळीला बुडाशी भोक पाडून मध चोरतो.

या पतंगाशिवाय अलाटाचं बी आपोआप मिळत नाही. तिचं फूल स्वतःचा किंवा आपल्याच झाडाचा पराग ओळखून नाकारतं. परागनलिका अर्ध्या वाटेवर थांबते. झाडांमधला हा नकार रेणूंच्या पातळीवर कसा चालतो, याचा मोठा अभ्यास शास्त्रज्ञांनी अलाटावरच केला आहे. त्यामुळे एकच झाड लावलं तर फुलं येतील, बोंडं येणार नाहीत. पतंग आला नाही अशा वर्षी मी रंगाचा बारीक ब्रश घेऊन रात्री नऊनंतर या झाडाचा पराग त्या झाडाला लावते. सिल्व्हेस्ट्रिसला ही अट नाही, ती एकटीही बी धरते. बोंड तपकिरी झालं आणि टोकाशी उकलू लागलं की कागदी पाकिटात उलटं करायचं. एक दिवस उशीर झाला की वाऱ्याचं.

दुकानातून आणलेल्या बुटक्या, लाल-गुलाबी संकरित वाणांबद्दल माझं मत चांगलं नाही. ती दिवसाही उघडी राहतात, वाफ्यात सुरेख दिसतात आणि बहुतेकांना वास नावालाच असतो. वासासाठी घ्यायची असेल तर साधी पांढरी घ्यावी.

अलाटाचं मूळ जाडसर असतं आणि सौम्य हवेत ती वर्षानुवर्षं टिकते. एका उन्हाळ्यात मी एक कुंडी कूलरच्या ओल्या ताट्यांच्या आडोशाला ठेवली. नवतपा तिनं काढला, पानं हिरवी राहिली, फूल एकही दिलं नाही आणि जुलैच्या झडीत बुडाशी सडली. आता एप्रिलमध्ये सगळी झाडं काढते. काढलेले दांडे फाटकाबाहेर टाकत नाही, कारण आमच्या गल्लीतल्या गायी पडलेलं काहीही खातात आणि हे सगळं कूळ विषारी आहे. पानांवरची चिकट लव हातांना लागते, म्हणून त्या दिवशी हातमोजे. लहान मुलं असलेल्या घरी रोप देताना हे आधी सांगते.

रोपं द्यायची तर मी जोडीनं देते, दोन वेगवेगळ्या बियांची. प्रतापनगरातल्या एका काकूंनी मागच्या हिवाळ्यात एकच मागितलं, बाल्कनीत दुसरीला जागा नाही म्हणाल्या. त्यांच्या शेजारणीला दुसरं दिलं. दोघींच्या बाल्कन्या लागून आहेत, बोंडं दोन्हीकडे धरली. बी कुणाचं, यावर दोघींचं अजून एकमत झालेलं नाही.