दादाची दोन बटणं

दिवाळीच्या सुट्टीत कड्याला घरीच व्हिडिओ गेमचं मशीन बनवायला घेतलं. 'स्ट्रीट फायटर २'ला (१९९१) सहा बटणं लागतात, तीन ठोशांची, तीन लाथांची. मी प्लायवूडवर ३० मिलिमीटरची भोकं पट्टीने सरळ रेषेत आखली.

दादा हसला. "बोटं काय एका मापाची असतात का रे?" त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं कडबाकुट्टीत गेलेली. मी गप्प.

मग त्याचाच पंजा पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिल फिरवली. त्याचा लाडका 'मुस्तफा', म्हणजे 'कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स' (१९९३), दोनच बटणांवर चालतो: मार आणि उडी. दोन्ही एकदम दाबली की मोठा वार. अंगठा आणि तर्जनी एकदम पोचतील तिथेच त्याची भोकं पाडली.

पहिल्याच बॉसपाशी मी मेलो, दादा पुढे गेला. माझी बटणं अजून सरळ रेषेतच होती!