तिसरें निळें चित्र

लॅपटॉप बंद करण्याची एक रीत असते आणि ती मला ठाऊक आहे. परंतु त्या रात्रीं डोळ्यांवर झोंप आली होती, यंत्र कसलेंसें अपडेट भरून घेत होतें, आणि "बंद करूं नका" हें पडद्यावरचें वाक्य वाचूनहि मीं कळ दाबून धरली. सकाळीं चहाचा पेला घेऊन बसतों तों काय, पडद्याच्या तळाशीं असणाऱ्या पट्टीवरचीं चित्रें नाहींशीं झालेलीं! त्यांच्या जागीं कोपरा दुमडलेले पांच कोरे कागद ओळीनें उभे. ही पट्टी प्रथम आली ती १९९५ सालीं, विंडोज ९५ बरोबर. म्हणजे १९९९ सालीं जन्मलेल्या आमच्या हिंगोली जिल्ह्याहून ती चारेक वर्षांनीं वडील. इतक्या वर्षांच्या सहवासांत तिच्याकडे मीं कधीं नीट पाहिलेंहि नव्हतें.

गोष्ट क्षुल्लक खरी. पण त्या यंत्रांत माझ्या आईच्या ओव्या होत्या. आई वसमतकडच्या एका खेड्यांतली. जात्यावरच्या ओव्या तिला अखेरपर्यंत पाठ होत्या आणि शेवटच्या दोन वर्षांत तिच्या तोंडून ऐकून मीं त्या टंकून ठेवल्या. आतां सांगणारी नाहीं. त्या यंत्रांत नेमक्या कोठें ठेवल्या आहेत, हें मला सांगतां येईना. डावीकडून तिसरें निळें चित्र दाबावें, म्हणजे त्या समोर येतात, एवढाच त्यांचा पत्ता मला ठाऊक.

पुण्याला मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, बाण त्या कागदावर नुसता ठेवा. नांव दिसेल तें वाचा."

मीं बाण ठेवला. नांव आलें. तीस वर्षें इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्या माणसाला वाचून पाहण्याचें सुचूं नये! ओव्या जागच्या जागीं होत्या. पहिली डोळ्यांखालून घातली, तेव्हां कुठें चहा घशाखालीं उतरला.

खुणेवर भिस्त ठेवणारा मी कांहीं एकटा नव्हे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत, आमचा मुलूख हैदराबाद राज्यांत असतांना, प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे आणि तिच्यावर त्याचें चिन्ह चिकटविलेलें असे. औंढ्याच्या नागनाथाच्या देवळावरील मूर्तींपैकीं जिच्या हातांतलें आयुध तुटलें आहे, ती कोणत्या देवाची, हें मला आजहि ओळखतां येत नाहीं.

आईला अक्षरओळख नव्हती. रक्तदाबाच्या गोळ्यांच्या डबीला ती तांबडा दोरा बांधी, मधुमेहाच्या डबीला पांढरा. एकदां घर आवरतांना मीं ते मळके दोरे काढून टाकले आणि डब्यांवर ठळक अक्षरांत नांवें चिकटविलीं. आपण मोठी सोय केली, असें मला वाटत होतें. त्या दिवशीं तिनें औषधच घेतलें नाहीं. संध्याकाळीं विचारलें तेव्हां म्हणाली, "माझ्या खुणा कुठं ठिवल्यास रं?" मी रागावलों. काय काय बोललों तें येथें लिहीत नाहीं.

मुलगी फोनवर थांबली होती. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावयाचा, त्यांत विंडोज एक्सप्लोरर निवडून रीस्टार्ट करावयाचें, हा तिचा पहिला उपाय. पट्टी क्षणभर मिटली, पुन्हां उघडली, कागद कोरेच. मग तिनें मला दुखण्याचें मूळ समजावून दिलें. प्रत्येक प्रोग्रामचें चित्र त्याच्यापाशींच असतें. तें दर वेळीं तेथून काढून आणण्यांत वेळ जातो, म्हणून यंत्र त्याच्या नकला एका कोठारांत साठवून ठेवतें आणि त्याच आपल्याला दाखवितें. या कोठाराला आयकॉन कॅश म्हणतात. भलत्या वेळीं कळ दाबून मीं तें बिघडविलें असावें; मूळ चित्रें शाबूत होतीं. कोठार पुसून टाकलें म्हणजे यंत्र मुळावरून नव्या नकला काढतें.

'पुसून टाका' हे शब्द ऐकतांच ओव्यांची एक प्रत मीं पेनड्राइव्हवर घेतली. मग खात्री व्हावी म्हणून ती उघडून पाहिली. मुलगी हंसली नाहीं, हा तिचा चांगुलपणा.

कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडून मग एक्सप्लोरर बंद केला, तशी सबंध पट्टीच गेली. ॲपडेटा नांवाचें एक लपविलेलें फोल्डर असतें. त्याच्या पोटांत, चार दारें ओलांडल्यावर, 'आयकॉनकॅश' या अक्षरांनीं सुरू होणाऱ्या फाइली होत्या. त्या पुसण्याची आज्ञा मुलीनें अक्षर अक्षर सांगितली आणि मीं टंकली. टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर पुन्हां चालूं केला. पट्टी आली, आणि मागोमाग एकेक चित्र रंग घेऊन उमटूं लागलें. चार आलीं. तिसरें तेवढें कोरें राहिलें.

"त्याला पट्टीवरून काढा आणि परत लावा," मुलगी म्हणाली.

तसें केलें. निळें चित्र आलें खरें, पण येऊन बसलें उजव्या टोकाला. मीं तें धरलें आणि ओढत ओढत पुन्हां तिसऱ्या जागीं आणून ठेवलें.