गुलमर्ग : बर्फ आणि रोजी

श्रीनगरहून गुलमर्ग साधारण 50 किलोमीटर. त्यातला तंगमर्गपासूनचा शेवटचा 13 किलोमीटरचा चढ हिवाळ्यात अवघड. बर्फ पडला की आपली गाडी तंगमर्गलाच थांबते आणि चाकांना साखळ्या बांधलेली स्थानिक गाडी करावी लागते. गमबूट आणि जाड कोट इथेच भाड्याने मिळतात. आपल्याकडच्या कुटुंबांची घासाघीसही इथूनच सुरू होते.

गुलमर्ग 2,650 मीटर उंचीवर आहे. गुराखी या कुरणाला गौरीमर्ग म्हणत. सोळाव्या शतकात काश्मीरचा सुलतान युसूफ शाह चक याने गुलमर्ग, म्हणजे फुलांचे कुरण, हे नाव दिले. बादशाह जहांगीरने इथे 21 प्रकारची फुले जमवल्याचे सांगतात. पण ती शोभा उन्हाळ्याची. हिवाळी पर्यटनाला खरा जोर आला तो रोपवेमुळे. कोंगडोरीपर्यंतचा पहिला टप्पा 1998 साली सुरू झाला, तर अफरवतच्या माथ्याकडे नेणारा दुसरा 2005 साली. दुसरा टप्पा 3,900 मीटरच्या वर नेतो. तिथे हवा विरळ असते. लहान मुले, दम्याचे किंवा हृदयाचे रुग्ण बरोबर असतील तर कोंगडोरीवर समाधान मानावे. तिथेही बर्फ पोटभर बघायला मिळतो.

खाली मैदानात स्लेजवाले भेटतात. स्लेज म्हणजे लाकडी घसरगाडी. चढावर हा माणूस दोरी खांद्यावर घेऊन आपल्याला ओढतो. उतारावर पुढे बसून स्वतःचे पाय बर्फात रोवत वेग आवरतो. त्या गाडीला दुसरा ब्रेक नाही. यातले बरेचजण तंगमर्ग आणि आसपासच्या गावांतून सकाळी वर येतात आणि संध्याकाळी उतरतात. काही पाठ सोडत नाहीत, काही दर वाढवून सांगतात, हे खरे आहे. दर आधी ठरवून घ्यावा. पण ठरल्यावर वर पोहोचेपर्यंत शंभर-दोनशेसाठी त्याला पुन्हा पुन्हा खाली ओढणे आपल्याला शोभत नाही. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्या, ही आपल्या नबींची (स.) शिकवण आपण घरात मुलांना सांगतोच. इथे तर घाम बर्फात गळतो.

या लोकांची कमाई आभाळावर टांगलेली असते. 21 डिसेंबरपासून 40 दिवसांच्या कडाक्याला काश्मिरीत चिल्लई कलां म्हणतात. मग 20 दिवसांची चिल्लई खुर्द आणि 10 दिवसांची चिल्लई बच्चा. मोठ्या चिल्लईत पडलेला बर्फ घट्ट गोठतो, सावकाश वितळतो आणि उन्हाळाभर झरे, भातशेती, सफरचंदाच्या बागा यांना पाणी पुरवतो. उशिरा पडलेला बर्फ लवकर वाहून जातो. 2024 च्या जानेवारीत गुलमर्गची उतरण जवळजवळ महिनाभर उघडी, तपकिरी पडली होती. खोऱ्यातल्या मशिदींमध्ये पाऊस आणि बर्फासाठी खास दुआ मागितल्या गेल्या. बर्फ आला तो महिना सरताना. पुढच्या वर्षी बर्फाअभावी खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावी लागली. मग एप्रिल 2025 मध्ये पहलगामला पर्यटकांवर हल्ला झाला. त्यात महाराष्ट्रातलेही जीव गेले आणि पर्यटकांसाठी धावलेला घोडेवाला सय्यद आदिल हुसेन शाहही गेला. त्यानंतर खोऱ्यातली गर्दी अचानक ओसरली. कधी बर्फ नाही, कधी माणसे नाहीत.

जाणाऱ्यांसाठी नमाजबद्दल एक गोष्ट. वुजू करून चामडी मोजे, म्हणजे खुफ्फैन, घातले की नंतरच्या वुजूत पाय धुण्याऐवजी त्यावर मसह करता येतो. मुसाफिराला ही सवलत तीन दिवस-तीन रात्री आहे. लोकरी मोज्यांबाबत मतभेद आहेत. निघण्यापूर्वी आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्यावे. गोठलेल्या नळासमोर उभे राहिल्यावर या सवलतीची किंमत कळते.

तंगमर्गहून थोड्या अंतरावर बाबा रेशींचा दर्गा आहे. बाबा पयामुद्दीन हे सुलतान झैनुल आबिदीनच्या काळातले सुखवस्तू दरबारी. सांगतात की, शिकारीला निघाले असता मुंग्या हिवाळ्यासाठी दाणे साठवताना त्यांना दिसल्या. एवढासा जीव पुढची तयारी करतो, मग आपण आखिरतसाठी काय साठवले, या विचाराने त्यांनी दरबार सोडला. 1480 मध्ये त्यांचा इंतकाल झाला.

मुंग्यांची ती रीत काश्मिरी घरांतही दिसते. उन्हाळ्यात बायका वांगी, दुधी, टोमॅटो चिरून वाळवतात आणि रस्ते बंद झाले की त्याच भाज्या शिजवतात. कोकणात आपण पावसाळ्यासाठी सुकी मासळी भरतो, तसेच हे. श्रीनगरच्या जुन्या बाजारात या सुक्या भाज्यांच्या माळा विकायला टांगलेल्या असतात. शालींच्या पिशवीत एखादी माळ सहज मावते.