नटाचं तिकीट आणि तात्यांची पिशवी

त्या दिवशी माझा खाडा पडला.

२०२४ चा नोव्हेंबर. विधानसभेची धामधूम. दुसऱ्या पाळीला तीनच्या आत सूतगिरणीच्या गेटवर हजर व्हायचं, ते सोडून मी आमच्या चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी उभा. कशासाठी? तर एक सिनेनट प्रचाराला येणार म्हणून. त्याचं नाव सांगत नाही. नाव सांगितलं की तुम्ही त्याच्यावर बोलत बसाल, आणि मला आपल्यावर बोलायचं आहे.

चारला येणारा गडी रात्री आठला आला. उघडी जीप. रात्रीचाही डोळ्यांवर गॉगल. पुतळ्याचा हार दुसऱ्याच कुणीतरी वर चढून घातला, ह्यानं खालून नुसता हात लावला. मग माईक घेऊन 'जयभीम' म्हणाला. एवढा एकच शब्द. वस्ती अशी उसळली की बाया कडेवरच्या पोरांना डोक्यावर धरून नाचायला लागल्या. मीही ओरडलो. खोटं कशाला बोलू? मोबाईल उंच धरून फोटो काढला. तो आईनं आठवडाभर शेजारणींना दाखवला, "माझं पोरगं किती जवळ हुतं बघा."

त्याच गर्दीत तात्या होते. आमच्या वस्तीतले तात्या आपल्यापैकी कित्येकांना ठाऊक आहेत. ज्यांना नाहीत त्यांच्या वस्तीत दुसरा कुणी तात्या असेलच. बावीस वर्षं हा माणूस रेशनकार्डं, जातीचे दाखले, पोलीस ठाणं, तहसील कचेरी हेच करतो आहे. त्या रात्री लाउडस्पीकरची वायर लोकांच्या पायाखाली येत होती, म्हणून तात्या ती दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभे होते. नटाचं भाषण संपेपर्यंत. व्यासपीठावर त्यांना कुणी बोलावलं नाही. मी ते पाहिलं, आणि पुन्हा नटाकडे पाहिलं. हे माझ्या मनातून जात नाही.

मागच्या बैठकीत आपल्यात यावरून भांडण पेटलं. एक गट म्हणाला, नट, गवई, क्रिकेटवाले यांना पक्षात घेऊच नये. मला हे पटत नाही. घटनेनं उमेदवाराचं वय विचारलं, नागरिकत्व विचारलं. धंदा विचारला नाही. ज्यांनी आपल्याला पाणवठ्यावर बंदी घातली त्यांची बंदीची भाषा आपण कशाला उसनी घ्यायची? नटालाही राजकारण करू द्या. माझा सवाल वेगळा आहे. त्याला आणतं कोण, आणि कुणाच्या डोक्यावरून आणतं?

हा सवाल आजचा नाही. माझा पणजा परळच्या एका गिरणीत रिंगखात्यात होता. साचेखात्यात आपल्या माणसाला जागा नव्हती, कारण धोट्यातून धागा तोंडानं ओढावा लागे, आणि आपल्या थुंकीनं स्पृश्यांचा धागा बाटत असे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला, तो यासाठीच. तर ह्या पणज्याच्या परळ-भायखळ्यात १९३७ साली निवडणूक लागली. मुंबई विधानसभा, राखीव जागा. एका बाजूला बाबासाहेब, त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष जेमतेम काही महिन्यांचा, १५ ऑगस्ट १९३६ ला काढलेला. दुसऱ्या बाजूला काँग्रेसनं कुणाला उभं केलं? पाळवणकर बाळूंना.

पोरांनो, बाळू कोण हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? क्रिकेटचा आपला पहिला मोठा माणूस. जन्म १८७६, जात चांभार. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर महिना चार रुपयांवर मैदान राखायचं आणि साहेबांच्या सरावाला चेंडू टाकायचे. डावखुरा, मंद फिरकीचा गोलंदाज. हिंदूंना गोऱ्यांविरुद्ध जिंकायचं होतं म्हणून त्यांनी ह्याला संघात घेतलं. पण चहाच्या सुट्टीत बाकीचे आत कपबशीतून पीत आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात. चेंडू चालतो, हात चालत नाही! १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ह्या माणसानं शंभराच्या वर बळी घेतले. हिंदूंचा कप्तान मात्र त्याला कधी केलं नाही. ते त्याच्या धाकट्या भावाच्या, विठ्ठलच्या, वाट्याला आलं, १९२३ मध्ये, तेही भावांनी भांडण केल्यावर. आपल्या माणसांना बाळूंचा अभिमान होता, तरुण भीमरावांनाही होता. असणारच.

असा हा माणूस. मी त्याला गद्दार म्हणणार नाही. बैठकीत कुणीतरी म्हणालं, तेव्हा मला राग आला. ज्यानं मातीच्या भांड्यातला चहा पिऊन साहेबांच्या दांड्या उडवल्या त्याला शिवी देणारे आपण कोण? पण त्याचं राजकारण पाहिलंच पाहिजे. १९३२ ला स्वतंत्र मतदारसंघाच्या वादात तो बाबासाहेबांच्या विरोधी बाजूला होता. पुणे करारावर त्याचीही सही आहे. पुढच्याच वर्षी हिंदू महासभेच्या वतीनं मुंबई महापालिकेला उभा राहिला आणि पडला. आणि मग १९३७. महाडचा सत्याग्रह त्याचा नव्हता, रिंगखात्यातल्या माणसाचा अर्ज त्यानं लिहिलेला नव्हता. त्याच्याकडं नाव होतं. निष्कलंक, सगळ्यांना प्रिय असं नाव. काँग्रेसला तेवढंच हवं होतं. बाबासाहेबांसमोर सवर्ण उभा केला असता तर लढाई उघडी झाली असती. म्हणून आपलाच एक तारा आणला, आणि महार-चांभार अशी फटही सोबत आणली.

मतं पडली ती अशी : बाबासाहेब १३,२४५, बाळू ११,२२५. दोन हजार वीस मतांचं अंतर. आज वाचताना छाती धडधडते. एक हजार अकरा माणसं इकडची तिकडं झाली असती तर? तेव्हा मत सगळ्यांना नव्हतंही. माझ्या पणज्याला नव्हतं. तो नुसता मतदानाच्या दिवशी रस्त्यावर उभा राहिला होता, असं आजोबा सांगायचे. आणि आजोबा हेही सांगायचे की पणजा म्हातारपणीसुद्धा बाळूंचं नाव निघालं की उठून हात फिरवून चेंडू टाकून दाखवायचा. मत नसलेला तो माणूस बाबासाहेबांचा होता, आणि चेंडूपुरता बाळूंचा. हे दोन्ही त्याला वेगळं ठेवता आलं. मला त्या चौकात नाही आलं.

आता तुम्ही म्हणाल, दक्षिणेत बघ. बघितलं. एम. जी. रामचंद्रन १९७७ ला तामिळनाडूचे मुख्यमंत्री झाले. आंध्रात रामारावांनी १९८२ ला पक्ष काढला आणि १९८३ च्या जानेवारीत सत्ता घेतली. पण तामिळनाडूत एक गोष्ट आधीची आहे. अण्णादुराई, करुणानिधी हे चळवळीतले लेखक होते. त्यांनी नाटकं, सिनेमे लिहिले ते चळवळीचं म्हणणं सांगायला. तारा चळवळीत घडला. आपल्याकडं अण्णा भाऊ आणि अमर शेख होते. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा त्यांच्या डफावर तापल्या. नामदेव ढसाळ आधी कवी की आधी पँथर, हे १९७२ साली कुणाला विचारायची गरज नव्हती. (त्याच्या पुढच्या वळणांवरून आपल्यात अजून बोलाचाली होते, होऊ दे.) आणि विलास घोगरे. ११ जुलै १९९७ ला रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा माणसं मेली. चार दिवसांनी ह्या शाहिरानं गळफास घेतला. त्याला कुणी तिकीट द्यायला आलं नव्हतं.

पण दक्षिणेचंही सगळं गोड नाही. २७ सप्टेंबर २०२५ ला करूरमध्ये विजय ह्या नटाच्या पक्षाची सभा होती. लोक तासन् तास उन्हात वाट पाहत होते. चेंगराचेंगरीत एकेचाळीस माणसं गेली, त्यात लहान पोरं होती. ही बातमी मी जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर वाचली, आणि मला आमच्या चौकातल्या डोक्यावर धरलेल्या पोरांची आठवण झाली. घास उतरला नाही.

मुंबईकडचा हिशेब तर तुम्हाला पाठच असेल. अमिताभ बच्चन १९८४ ला अलाहाबादेत बहुगुणांसारख्या मुरलेल्या माणसाला पाडून आला आणि १९८७ ला खासदारकी सोडून गेला. गोविंदानं २००४ ला राम नाईकांना पाडलं, २००९ ला पुन्हा उभा राहिला नाही, आणि २०२४ ला दुसऱ्याच पक्षात उगवला. पण सुनील दत्त पण नटच. १९८७ ला पंजाब पेटलेला असताना तो मुंबईपासून अमृतसरपर्यंत पायी चालत गेला. तेव्हा 'नट म्हणजे भंपक' हे म्हणणं खरं नाही.

आणि एक गोष्ट माझ्याच म्हणण्याविरुद्ध जाते. १९५२ ला बाबासाहेबांना पाडायला तारा लागला नाही. काजरोळकर काही खेळाडू नव्हते की नट नव्हते. काँग्रेसची हवा पुरली. म्हणजे दुखणं ताऱ्यात कमी आणि आपल्या भाळण्यात जास्त? २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी बजावलं होतं की धर्मात भक्ती ठीक असेल, राजकारणात ती हुकूमशाहीकडं नेते. हे आपण जयंतीला वाचून दाखवतो. आणि मग त्याच चौकात मोबाईल वर करतो.

आता माझं सांगतो. लपवून ठेवलं तर हे लिहिण्यात अर्थ नाही.

गेल्या चौदा एप्रिलला मी मिरवणुकीत एक कविता म्हटली. साधीच. रिंगफ्रेमवर तुटलेला धागा सांधताना सुचलेली. कुणीतरी ती मोबाईलवर घेतली आणि ती फिरली. गिरणीत मुकादम म्हणाला, "तू लई फेमस झालास की रं." दोन महिन्यांनी पक्षाचा एक माणूस चहाच्या टपरीवर आला. त्याच पक्षाचा, ज्यानं नट आणला होता. म्हणाला, "वॉर्ड राखीव पडला तर तुझं नाव पुढं करू. पोरांत तुझी क्रेझ हाय. खर्चाचं आम्ही बघू. तू फक्त स्टेजवर कविता म्हण."

त्या रात्री झोप लागली नाही. मला वाईट वाटलं नाही हो, बरं वाटलं! आठ तास कानात कापूस घालून उभा राहणारा मी, सायडर. सभेत माझ्या गळ्यात हार. आईचा चेहरा. १९८२ च्या संपात मुंबईची गिरणी गेली आणि आजोबा ट्रंक घेऊन गावाला परत आले, त्यानंतर आमच्या घरात पहिल्यांदा कुणाला तरी कुणी तरी काहीतरी देऊ करत होतं.

सकाळी तात्यांकडं गेलो. वाटलं, चिडतील. पाच निवडणुकांत त्यांचं नाव यादीत येऊन कापलं गेलं आहे. तात्या दाढी करत होते. म्हणाले, "उभा ऱ्हा की. कोण न्हाई म्हणतंय?" मग तोंड पुसलं, आत गेले आणि खताची एक मोठी पिशवी आणून माझ्यापुढं ठेवली. "एवढं तेवढं वाचून ये. मग बोलू."

ती पिशवी तीन आठवडे माझ्या उशाशी आहे. रातपाळीवरून आलो की वाचतो. गटाराचे अर्ज. समाजमंदिराच्या जागेचा उतारा. जातीच्या दाखल्याची सतरा प्रकरणं. त्यात १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा लागतो, आणि ज्याचा आजा शाळेतच गेला नाही त्यानं तो आणायचा कुठून, हे तात्यांनी एकेका कागदाच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहून ठेवलं आहे : कुठल्या गावचं जन्म-मृत्यूचं रजिस्टर, कुठला जुना कोतवाल. एका मुलीचं प्रकरण तीन वर्षं चाललं. तिची नर्सिंगची जागा गेली. पुढच्या वर्षी मिळाली. त्या कागदाच्या पाठीवर 'झाले' एवढंच लिहिलं आहे.

मला यातलं काही येत नाही. शिकायला किती दिवस लागतील तेही कळत नाही. आणि पक्षवाल्याला घाई आहे.

काल त्याचा फोन आला होता. रविवारी सभा आहे, ये म्हणाला. रविवारी माझी पहिली पाळी आहे, आणि तीनला सुटल्यावर तात्यांबरोबर शेजारच्या गावच्या एका म्हाताऱ्या कोतवालाकडं जायचं ठरलं आहे. त्याला ऐकू कमी येतं, म्हणून मोठ्यानं बोलणारा माणूस पाहिजे, असं तात्या म्हणाले.