जुन्या स्प्रिंगा
बाबांचा एकच ट्रक, हैदराबाद-सोलापूर धावणारा. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मागच्या चाकांचे लायनर बदलण्याचे काम माझ्यावर आले. राणीगंजहून लायनर व रिव्हेट घेऊन ऑटोनगर गाठले. उस्ताद ब्रेक-शूवर मधून कडेकडे रिव्हेट ठोकीत होते. कडेपासून ठोकले तर लायनर मध्ये फुगतो म्हणे. मान वर न करता त्यांनी नव्या स्प्रिंगाही मागितल्या. जुन्या तर चांगल्या शाबूत होत्या!

"याच टाका, उस्ताद."

"दिखती अच्छी है, खेंचती नहीं," ते म्हणाले. पण गिऱ्हाईक मी. उरलेल्या पैशांत मी सिनेमा पाहिला.

जहीराबादपुढे चाकातून धूर निघाला. तापून तापून स्प्रिंगांचा ताण गेलेला. ब्रेकवरचा पाय काढला तरी शू ड्रमला घासतच राहिले. बाबांना वेळीच वास आला म्हणून टायर वाचले. लायनर मात्र करपले.

"उस्तादांनी स्प्रिंगा सांगितल्या नव्हत्या?" बाबांनी विचारले.

मी "नाही" म्हणालो.

बाबा आता दुसऱ्या गॅरेजात जातात. ऑटोनगरवरून बस जाते तेव्हा मी पलीकडच्या खिडकीशी बसतो. हा अंक घरी येईल. बाबा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात.